अधूनमधून अडखळणारी गाडी आणि मुद्दाम आणलेला कोड

फ्युएल इंजेक्शनची जुनी गाडी अधूनमधून मिसिंग करत असेल, तर गॅरेजात सोडण्याआधी हे वाचा. माझी गाडी एका ठरावीक वेगाला, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर हलकाच टेकलेला असताना, गचका खायची आणि लगेच सावरायची. चेक इंजिनचा दिवा कधीच लागला नाही. मेकॅनिकला दाखवायला नेली की एकदम शहाण्यासारखी चालायची.

गॅरेजवाल्याने चावी घेतली, मला बाहेर बसवलं आणि थोड्या वेळाने स्कॅनर घेऊन आला. "साहेब, हा बघा कोड, पी ०११८. कूलंट टेम्परेचर सेन्सर गेला, त्याच्यापायी ईसीएमही गेलाय. दोन्ही बदलावे लागतील." कोड म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेला दोषाचा क्रमांक, आणि ईसीएम म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर. मी स्क्रीनचा फोटो काढला आणि हो म्हटलं. काम झाल्यावर काही दिवस गाडी छान चालली. असला दोष मध्येच आपोआप दडी मारतो, आणि त्याचं श्रेय आयतं बिल फाडणाऱ्याला मिळतं. मग पुन्हा तोच गचका, त्याच वेगाला.

दुसरीकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने तो फोटो मोठा करून पाहिला आणि हसलाच. कोड पडतो त्या क्षणाची स्थिती ईसीएम साठवून ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्यात इंजिनचे आरपीएम शून्य होते आणि कूलंट उणे ४० अंश! इग्निशन चालू ठेवून त्या सेन्सरचा कनेक्टर उपसला, की सर्किट तुटतं, ईसीएम त्याचा अर्थ उणे ४० असा लावतो आणि कोड पडतो. चालत्या गाडीतल्या गचक्याचा कोड बंद इंजिनावर कसा पडेल? मग आम्ही ईसीएम पाहिला. बोल्टच्या खाचांत धुळीचा जुना थर तसाच घट्ट बसलेला, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही.

खरा दोष थ्रॉटल पोझिशन सेन्सरमध्ये होता. थ्रॉटल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप; ती किती उघडली ते हा सेन्सर ईसीएमला सांगतो. केबलच्या थ्रॉटलवर बसणाऱ्या या सेन्सरमध्ये एका पट्टीवरून टोक सरकत असतं. पाय बहुतेक वेळ एकाच जागी राहतो, त्यामुळे पट्टी तिथेच झिजते. इलेक्ट्रिशियनने काट्याचा मीटर लावून थ्रॉटल हाताने अगदी सावकाश उघडला. साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत काटा सलग चढायला हवा. आमचा मध्येच धपकन खाली आला आणि परत वर गेला. पुन्हा उघडून पाहिलं, पुन्हा तिथेच. खंड इतका छोटा, की ईसीएमने त्याची दखलच घेतली नव्हती. डिजिटल मीटरचे आकडे उशिरा बदलतात, त्यात ही उडी सहज निसटते.

कोणी कोड दाखवला तर फ्रीझ फ्रेम उघडायला लावा, आणि फोटो घेईपर्यंत कोड पुसू देऊ नका. तो पुसला की ही नोंदही जाते. "ईसीएम गेला" म्हणाले तर त्याचा सप्लाय आणि अर्थिंग मोजलंत का, ते विचारा. जुन्या गाडीत अर्थिंगची गंजलेली वायरही असेच खेळ करते. पार्टचा नंबर आधीच टिपून ठेवा आणि जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

फोटो समोर धरल्यावर गॅरेजवाला म्हणाला, "पोराच्या हातून कनेक्टर निघाला असेल." बोल्टवरच्या धुळीचं विचारलं, तर नेमका तेव्हाच त्याला फोन आला. सेन्सरचे पैसे परत मिळाले, ईसीएमचे अजून नाहीत.