मायक्रोलीग बेसबॉल, आठ महिन्यांनंतर: खेळ झकास, हिशेब आपला आपण ठेवा

गेल्या रविवारी ड्राइव्हने मान टाकली, म्हणून लिहायला बसलो. कमोडोर 64 हा जुना घरगुती संगणक, सोबत त्याचा 1541 फ्लॉपी ड्राइव्ह आणि या 1984 च्या कॉम्प्युटर खेळाची फ्लॉपी, एवढा संसार इथे न्यू जर्सीत एका गराज सेलमधून 60 डॉलरला उचलला होता. खेळात जुने खरे संघ असतात; त्यातला ब्रुकलिनचा 1955 चा डॉजर्स संघ मागितला, तर ड्राइव्ह खलबत्त्यात मिरे कुटावेत तसा खडखडला, लाल दिवा लुकलुकला, आणि पुढे काहीच नाही. ज्यांनी वापरलाय त्यांना हा आवाज पाठ असेल. पहिला ट्रॅक कुठे आहे ते सांगणारा सेन्सर त्यात नाहीच. वाचता आलं नाही की डिस्क वाचणारं हेड मागे जाऊन अडसरावर आपटतं आणि तिथून पुन्हा मोजायला लागतं.

दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितलं, अलाइनमेंट गेलंय, म्हणजे हेड जागेवरून सरकलंय, 90 डॉलर. शिवाय नुसतं बघायचे 25! 60 च्या संसाराला 90 ची मलमपट्टी? वाद घातला, ड्राइव्ह काखेत मारून घरी आलो. इथवर लिहून ‘1541 भंगार आहे, घेऊ नका’ असंही लिहिलं होतं. ते खोडतोय. रात्री चार स्क्रू काढले, अल्कोहोलचा बोळा हेडवरून फिरवला, तो तपकिरी होऊन निघाला. डॉजर्स हजर. ड्राइव्ह मठ्ठ आहे, सेकंदाला जेमतेम 400 बाइट, पण भंगार नाही. मी चहाचं आधण ठेवून येतो.

आता खेळ. जॉयस्टिकचं कसब दाखवायचं असेल तर दुसरं काही बघा. इथे तुम्ही फक्त मॅनेजर. कोणता चेंडू टाकायचा, बंट करायचा (बॅटने चेंडू हळूच जवळ ठेवायचा) की फटका, पिचर म्हणजे चेंडू टाकणारा कधी बदलायचा, एवढंच हातात. बाकी आकडे आणि नशीब. परवा 1927 च्या यांकीजविरुद्ध सातव्या इनिंगमध्ये मी एका धावेने मागे, एक बाद, दोघे बेसवर, आणि पाळी पिचर डॉन न्यूकमची. कुणीही पिंच हिटर, म्हणजे बदली फलंदाज आणेल. पण न्यूकम 1955 मध्ये 20 सामने जिंकून वर .359 च्या सरासरीने बॅटिंग करणारा आणि 7 होम रन मारणारा पिचर. ठेवला. डबल प्ले, एकाच चेंडूवर दोघे बाद! बायको मागून म्हणाली, “हे सगळं तुम्ही स्वतःहून करून घेता ना?”

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. सामना संपला की आकडे गायब. बॉक्स स्कोअर (सामन्याचा खेळाडूवार तक्ता) आणि हंगामाचा हिशेब ठेवायचा तर त्याची वेगळी डिस्क, संघ स्वतः बनवायचे तर तिसरी, नव्या हंगामाचे संघ हवे तर आणखी. अहो, बेसबॉल म्हणजेच आकडे! आकडे वेगळे विकणं म्हणजे मिसळीची तर्री वेगळी विकणं. हा खेळ काढणाऱ्यांना चाळीस वर्षांनी बोल लावून उपयोग नाही, पण लावतोय. पर्याय म्हणून अर्ल वीव्हर बेसबॉल सुचवाल. 1987 चा, खुद्द बाल्टिमोरचा मॅनेजर राहिलेल्या वीव्हरची डोकॅलिटी आत, मान्य. पण तो खरा बघायचा अमिगा या कमोडोरच्याच पुढच्या संगणकावर, आणि अमिगाचे भाव बघून मी ब्राउझर बंद केला.

तर मी दोनशे पानी वही घातलीये. प्रत्येक सामन्याला एक पान, डावीकडे फलंदाज, उजवीकडे पिचर, खाली लाल पेनने माझ्या चुका. आधी वैतागून लिहायचो. आता सामना संपल्यावर दहा मिनिटं बेरजा करत बसणं खेळाइतकंच आवडायला लागलंय, हे बायकोला सांगू नका. न्यूकमच्या पानावर लाल रेघ आहेच.

तरी आठ महिन्यांत हंगामाच्या 154 पैकी 61 सामनेच झालेत. खऱ्या 1927 मध्ये 60 होम रन मारणारा बेब रुथ माझ्या वहीत 19 वर अडकलाय. हे खेळाचं गणित की माझी बेरीज, ते ती हिशेबाची डिस्क मिळाल्याशिवाय कळायचं नाही. कुणाकडे चालू स्थितीत असेल तर सांगा. 15 डॉलर, त्याच्या वर एक सेंटही नाही, आणि पोस्टेज तुमचं.