चिरलेल्या खुराची नालबंदी : माथेरानला येणाऱ्या एका सेवेविषयी

माथेरानच्या घोड्यांच्या खुरांची खरी परीक्षा पावसाळा सरल्यावर सुरू होते. चार महिने सतत ओला राहिल्याने मऊ पडलेला खूर ऑक्टोबरच्या उन्हात झपाट्याने सुकतो, आणि त्याच सुमारास दिवाळीची गर्दी सुरू होऊन गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून पॉइंटांपर्यंत जांभ्या दगडाच्या चढउतारांवर, आणि आता काही रस्त्यांवर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर, दिवसभर फेऱ्या होऊ लागतात. आमच्या मैना या घोडीच्या पुढच्या उजव्या खुराला बाहेरच्या बाजूने चीर गेली ती याच दिवसांत. तो खूर ज्यांनी सांभाळला त्या नालबंदांच्या सेवेविषयी हे लिहीत आहे. त्यांच्या इच्छेनुसार नाव देत नाही. कर्जत-नेरळ भागातून ते वर येतात आणि येथील कोणताही अश्वपाल त्यांचा पत्ता सांगू शकेल.

खुराच्या सगळ्या चिरा सारख्या नसतात. जमिनीकडून वर चढणारी चीर बहुतेक वेळा वाढलेल्या किंवा तुटलेल्या कडेमुळे पडते आणि वेळेवर खूर तासला तर फारसा त्रास देत नाही. जिथे केस संपतात त्या कडेपासून खाली उतरणारी चीर मात्र गंभीर समजावी, कारण खुराची भिंत त्या कडेतूनच वाढते आणि तिथेच इजा असेल तर नवा खूरही चिरलेलाच उतरतो. मैनेची चीर या दुसऱ्या प्रकारची होती, तिच्यातून रक्त येत होते आणि प्रत्येक पावलागणिक चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींवर हलत होत्या. याचा अर्थ चीर भिंतीपुरती न राहता आतल्या जिवंत थरापर्यंत पोहोचली होती.

या नालबंदांनी आल्याबरोबर हत्यारांची पेटी उघडली नाही. त्यांनी घोडीला सपाट जागेवर सरळ चालवून, मग परत आणून पाहिले, चारही खूर उचलून मापले आणि केसांच्या कडेवर अंगठ्याने हळूहळू दाबत गेले. एका ठिकाणी मैनेने पाय झटकला आणि चिरेच्या तोंडाशी काळपट, दुर्गंधी पू दिसला. कारणही त्यांनी तिथेच दाखवले. आधीच्या नालबंदाने खुराच्या मापाची नाल घेण्याऐवजी नालेच्या मापाने खूरच कानसला होता, त्यामुळे टाचांना मागून आधार उरला नव्हता, पुढचे टोक लांब राहिले होते आणि सगळा भार बाहेरच्या भिंतीवर येत होता. हे निदान मला या संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाचे वाटते, कारण चीर बुजवणारे पुष्कळ आहेत, पण ती का पडली हे पाहणारे थोडे.

आपल्याकडे अशा चिरेत डांबर, मेण किंवा तेल-हळद भरण्याची पद्धत आहे. आमच्याही घरातून तसा आग्रह झाला, आणि बाजारात मिळणाऱ्या ॲक्रिलिकने, म्हणजे घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या लेपाने, चीर लगेच बुजवून द्या, म्हणजे निदान हंगाम निघेल, असे शेजारच्यांनी सुचवले. नालबंदांनी दोन्ही गोष्टींना ठाम नकार दिला. आत पू असताना वरून झाकण घातले तर तो वरच्या कडेकडे वाट काढतो आणि घोडा अधिक लंगडतो, हे त्यांनी समजावून सांगितले आणि आधी पशुवैद्यांना बोलावण्याची अट घातली. पशुवैद्यांनी चिरेच्या सडलेल्या कडा कोरून पुवाला वाट दिली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि कोमट मिठाच्या पाण्याचा शेक व कोरडी पट्टी सांगितली. घोडा दगडावर, मातीत, शेणात वावरतो. त्यामुळे खुराच्या जखमेत धनुर्वाताची लस हा टाळण्याजोगा खर्च नाही. चीर पूर्ण कोरडी झाल्याची खात्री होईपर्यंत नालबंदांनी पुढच्या कामाला हात लावला नाही.

त्यानंतरचे काम पाहण्यासारखे होते. त्यांनी टोक मागे घेतले, टाचा समपातळीत आणल्या आणि मागून आडवी पट्टी जोडलेली बंद नाल गरम करून, ठोकून, मैनेच्या खुराच्या मापाला आणली. चिरेच्या बरोबर खाली भिंतीची कड त्यांनी किंचित तासून ठेवली, म्हणजे तेवढा भाग नालेला टेकणार नाही आणि भार पट्टीवरून टाचेच्या मधल्या भागाकडे जाईल. काम झाल्यावर त्यांनी खूर आणि नाल यांच्या फटीतून एक पोस्टकार्ड अलगद सरकवून दाखवले आणि सांगितले की, हे कार्ड जाईनासे झाले की मला बोलवा, कारण भिंत पुन्हा खाली बसून चिरेवर भार घेऊ लागते. चिरेजवळ एकही खिळा त्यांनी मारला नाही. कडांची हालचाल थांबवण्यासाठी स्टीलच्या बारीक तारेचे टाके आणि त्यावर ॲक्रिलिकचा पातळ थर त्यांनी पुढच्या फेरीत घातला.

विश्रांतीच्या बाबतीत ते अत्यंत कडक आहेत आणि हंगामात पोट घोड्यावर असलेल्या कुटुंबाला ते जड जाते, हे मान्य करायला हवे. आधी तबेल्यात कोरड्या भुशावर पूर्ण आराम, मग लाल मातीच्या रस्त्यावर हातात धरून सरळ चालवणे, तेही वळणे टाळून, आणि पाठीवर खोगीर सर्वांत शेवटी. खुराची भिंत महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढते, त्यामुळे केसांच्या कडेपासून टोकापर्यंत नवा खूर उतरायला 9 ते 12 महिने लागतात. टाचेकडे अंतर कमी असल्याने वेळही कमी लागतो. प्रत्येक फेरीत ते चिरेच्या वर उतरलेल्या अखंड खुराची सीमा कानशीने हलकी खूण करून ठेवतात, म्हणजे प्रगती डोळ्यांना दिसते. बायोटिन या जीवनसत्त्वाची पूड त्यांनी सुचवली, पण विकली नाही. दिवसाला 15 ते 20 मिलिग्रॅम असे कित्येक महिने दिले तर नव्या वाढीचा दर्जा सुधारू शकतो, पडलेली चीर मात्र त्याने सांधत नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले. खुराला लावायच्या चकचकीत तेलांवर पैसे घालवू नका, असेही ते म्हणाले, आणि मला ते पटले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बंद नालेचा खर्च साध्या नालबंदीच्या कित्येक पट आहे आणि 4 ते 6 आठवड्यांनी तो पुन्हा येतो. कोणत्या फेरीत काय केले याची लेखी नोंद ते देत नाहीत. पशुवैद्य आणि नालबंद वेगवेगळ्या दिवशी येत असल्याने अशी नोंद फार उपयोगी पडली असती, म्हणून आम्ही स्वतः वही ठेवली आणि प्रत्येक वेळी खुराचे समोरून व बाजूने फोटो काढले. मुसळधार पावसात ते वर येत नाहीत, आणि नेमका त्याच काळात नव्या खुराला ओल लागते.

मैनेची चीर आता निम्म्याहून खाली उतरली आहे, वरचा खूर अखंड आहे आणि ती न लंगडता चालते. स्वार अजून बसवलेला नाही. ज्यांच्या घोड्याच्या खुरावर केसांच्या कडेशी बारीकशी रेघ जरी दिसत असेल त्यांनी दिवाळीची वाट न पाहता, पाऊस ओसरताच त्यांच्याकडे नंबर लावावा, आणि बोलावताना जुनी नाल काढून न ठेवता ती पायात तशीच राहू द्यावी, कारण झिजलेल्या नालेवरून भार कुठे पडत होता हे ते वाचतात.