जुनी डिझेल ठेवावी, नवी पेट्रोल घ्यावी की इलेक्ट्रिक? रायबंदरच्या धक्क्यावरून एक तुलना

संध्याकाळी गोव्यात, पणजीजवळच्या रायबंदरच्या धक्क्यावर गाड्यांची रांग लागते. मांडवीपलीकडच्या चोडण बेटावरून फेरीबोट सुटलेली दिसते, पण ती येणार, रिकामी होणार, मग भरणार. तेवढा वेळ रांगेतल्या कितीतरी गाड्यांची इंजिनं चालूच असतात, कारण आत एसी हवा असतो. आम्ही दुचाकीवाले मधल्या फटींतून पुढे सरकतो आणि नेमके सायलेन्सरच्या मागे उभे राहतो. स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या लहान मुलाचं नाक कुठल्या उंचीवर येतं, ते एकदा बघा. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलं आहे.

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने विचारलं, "ताई, डिझेल गाडी दहा वर्षांनंतर बंद म्हणतात. विकून टाकू?" त्याची गाडी 2013 ची, आरसीवर बीएस-3 (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या नियमांचा टप्पा; आकडा मोठा तितका नियम कडक). रोज चोडण ते पणजी आणि महिन्यातून दोनदा चोर्ला घाटातून बेळगाव. असाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठी त्याला सांगितलेलं इथे लिहिते आहे.

आधी भीती दूर करू. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरतीच घालण्यात आली. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये तो आदेश दिला, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. गोव्यात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, आणि 1 एप्रिल 2022 ला मोटारीसाठी त्याचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं. म्हणजे मावसभावाच्या हातात 2028 पर्यंतचा वेळ आहे. घाबरून पडेल भावात गाडी देण्याचं कारण नाही.

काहींना वाटतं, महाराष्ट्रातल्या सावंतवाडीच्या नातेवाइकांच्या पत्त्यावर एमएच 07 चं पासिंग करून घेतलं की सुटलो. तसं नाही. पीयूसीचे, म्हणजे धूर तपासणीच्या दाखल्याचे, नियम केंद्राचे, देशभर एकच. उलट महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीला वेगळा पर्यावरण कर भरावा लागतो. खोटा पत्ता देणं तर गुन्हाच.

पीयूसीमध्ये मात्र जुन्या-नव्याचा फरक पडतो. बीएस-3 किंवा त्याआधीच्या गाडीला दर सहा महिन्यांनी, बीएस-4 आणि बीएस-6 ला वर्षातून एकदा. नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, इलेक्ट्रिकला कधीच नाही. पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 (2) प्रमाणे 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम प्रत्येक राज्य ठरवतं.

पण पीयूसी पास म्हणजे गाडी स्वच्छ, असं मानू नका. पेट्रोल गाडीत इंजिन आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं चालू, ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेलला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराचा दाटपणा पाहतात. बीएस-4 आधीच्या डिझेलला मर्यादा 65 हार्ट्रिज एकक (आकडा जास्त तितका धूर दाट), बीएस-4 ला 50. धुरातला नायट्रोजन ऑक्साइड हा घातक वायू दोन्ही तपासण्यांत मोजलाच जात नाही. सायलेन्सर गंजून भोक पडलं असेल तर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटाच चांगला येतो. आपल्या खाऱ्या हवेत हे नेहमीचं, म्हणून जुन्या गाडीचा सायलेन्सर खाली वाकून बघा.

आता आयडलिंग. न्यूयॉर्क शहरात उभ्या गाडीचं इंजिन तीन मिनिटांहून जास्त चालू ठेवता येत नाही, शाळेजवळ एकच मिनिट. दिल्लीत 2020 मध्ये सिग्नलवर इंजिन बंद करण्याची मोहीम निघाली, पण ते आवाहन होतं, कायदा नव्हता. आपल्या मोटार वाहन कायद्यात मिनिटांची मर्यादा नाही. जवळचं कलम 126 आहे: सार्वजनिक जागी उभ्या गाडीत लायसनधारक चालक सीटवर नसेल तर इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला हवा. म्हणजे इंजिन चालू ठेवून चहाला उतरलात तर नियम मोडला. आत बसून अर्धा तास धूर सोडलात तर हे कलम लागू होत नाही. मला ही उणीव फार खटकते. धक्क्यावर, शाळेच्या फाटकाशी, पणजीच्या दिवजा सर्कलच्या कोंडीत लोक जो धूर श्वासात घेतात, तो पीयूसीच्या केंद्रावर कुणी मोजत नाही.

म्हणूनच, गाडी ठरवताना ती किती वेळ उभी राहून चालू असते, हे मी सगळ्यात आधी विचारते. मोटारीचं इंजिन आयडलिंगला तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन खातं. येता-जाता पंधरा-पंधरा मिनिटं रांगेत चालू ठेवलं, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत साडेबारा तास होतात, म्हणजे सहा ते बारा लिटर.

त्या हिशेबात जुनी बीएस-3 डिझेल सगळ्यात वाईट. किलोमीटरमागे सूक्ष्म कणांची मर्यादा बीएस-3 डिझेलला 50 मिलिग्रॅम होती, बीएस-6 ला 4.5 आहे. नायट्रोजन ऑक्साइडची 500 वरून 80 वर आली. त्यातून जुनं इंजिन झिजलेलं असेल तर धूर आणखी वाढतो.

मग नवी बीएस-6 डिझेल? कागदावर उत्तम, पण रोज चोडण-पणजी करणाऱ्याने ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. धुरातली काजळी पकडायला तिच्यात डीपीएफ नावाची गाळणी असते. साठलेली काजळी जाळायला धूर भरपूर तापावा लागतो, म्हणजे हायवेवर सलग वेगाने गाडी चालावी लागते. छोट्या फेऱ्या आणि रांगेतलं आयडलिंग यांत ती गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि गॅरेजचा खर्च वाढतो. आठवड्याला पुणे किंवा हुबळी करणाऱ्याचं गणित वेगळं.

नवी पेट्रोल हा मधला मार्ग. बीएस-6 पेट्रोलला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा 60 मिलिग्रॅम. एप्रिल 2023 नंतरची गाडी 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालेल अशी बनवलेली असते. सेकंडहॅन्ड घेणार असाल तर हे विचारा. बऱ्याच नव्या गाड्यांत थांबलं की इंजिन आपोआप बंद करणारी सोय असते, ती स्विच दाबून बंद करून ठेवू नका.

धक्क्यासाठी मात्र इलेक्ट्रिकला तोड नाही. एसी चालू, धूर शून्य. नोंदणी आणि नूतनीकरणाचं शुल्क 2021 पासून माफ आहे. व्यवसायासाठी घेत असाल तर 2018 पासून बॅटरीच्या गाडीला परमिट लागत नाही. 2023 मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जानेवारी 2024 पासून नव्या पर्यटक गाड्या इलेक्ट्रिकच असतील असं जाहीर केलं होतं, त्यामुळे रेंट-अ-कार किंवा टॅक्सीसाठी गाडी बघणाऱ्याने आज नेमकं काय लागू आहे ते आरटीओत विचारूनच पैसे भरावेत. अनुदान हिशेबात धरू नका, मिळालं तर बरं. हेही खरं की गोव्याची वीज बहुतांशी बाहेरून येते आणि त्यात कोळशाचा वाटा मोठा आहे. धूर नाहीसा होत नाही, पण रांगेतल्या मुलाच्या तोंडावर तरी येत नाही.

मावसभावाला मी इलेक्ट्रिक सुचवली. घराच्या अंगणात गाडी उभी राहते, तिथे अर्थिंग नीट असलेला 15 अँपिअरचा पॉइंट बसवता येतो. चोर्ला चढताना बॅटरी भराभर उतरते, उतरताना थोडी परत भरते. बेळगाव शंभरएक किलोमीटर, म्हणून तिथे रात्री चार्जिंगची सोय आहे का ते त्याने आधी बघायचं. ती नसेल तर पेट्रोल.

आणि गाडी बदलेपर्यंत जुनी चालवायचीच आहे, तर रांगेत थांबल्यावर चावी फिरवायची. दहा सेकंदांहून जास्त थांबणार असाल तर इंजिन पुन्हा सुरू करायला त्याहून कमी इंधन लागतं. काचा खाली घेतल्या की मांडवीवरचा वारा येतोच.