वॉफल मेकर आणि कळण्याचं पीठ: दिवाळी ते उन्हाळा वापरून झाल्यावर

घ्यावं की नाही ते आधी सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको. घरात एक ते तीन वर्षांचं मूल असेल आणि चमचा दिसला की ते तोंड मिटून घेत असेल, तर घ्या. सगळ्या घराचा नाश्ता यावर काढायचा विचार असेल, तर घेऊ नका. एका वेळी दोनच वॉफल निघतात आणि तेवढ्या वेळात आमच्याकडे गॅसवर भाकरींची चळत होते.

आमचं मशीन अगदी साधं आहे. दोन चौकोनी वॉफलांचं, 750 वॉटचं, नॉनस्टिक प्लेटा पक्क्या बसवलेल्या. तापमान कमी-जास्त करायचं बटण नाही, नुसता एक लाल दिवा आणि एक हिरवा. किंमत दोन हजारांच्या आतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला मशीनपेक्षा पिठाबद्दलच जास्त बोलायचं आहे.

खोकं उघडलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "हाई काय शे?" मी सांगितलं. त्यांनी झाकण दोनदा उघडलं-मिटलं आणि म्हणाल्या, "धिरडं काय वाईट व्हतं?" प्रश्न रास्त आहे. अमळनेरात राहून वॉफल कशाला, असं मलाही दोन-चार जणींनी विचारलंय. तर धिरडं वाईट नाहीच. पण धिरड्याच्या पिठात भाजी थोडी जास्त झाली की ते उलटताना फाटतं, म्हणून आपण आपोआप भाजी कमी घालतो. शिवाय धिरडं मऊ आणि ओलसर. दीड वर्षाचं पोरगं ते मुठीत घेऊन पिळतं, आणि मग ते पोटात कमी आणि सतरंजीवर जास्त जातं. आप्प्यांचं म्हणाल, तर ज्वारीचे आप्पे बाहेरून लाल झाले तरी मधे कच्चट राहतात, आणि तो गोल गोळा अख्खा तोंडात कोंबणाऱ्या पोराकडे बघताना आपला जीव वर-खाली होतो. वॉफलला उलटायची भानगड नाही. दोन्ही बाजूंनी एकदमच उष्णता लागते आणि खळग्यांमुळे मधला थर पातळ राहतो, त्यामुळे निम्मी भाजी घातली तरी आतपर्यंत शिजतं. वरून कोरडं, आतून मऊ. लांब पट्टी कापून हातात दिली की पोरगं ती धरून स्वतः खातं. मशीनचं काम एवढंच, आणि ते ते चोख करतं.

आता पीठ. गोड वॉफलच्या कृती मैद्याच्या आणि अंड्याच्या असतात. आमच्याकडे अंडं चालत नाही. नुसत्या ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही, त्यामुळे झाकण उघडलं की वॉफलचे दोन पापुद्रे, एक वरच्या प्लेटला आणि एक खालच्या. नाचणीचंही तेच. हे कोडं सुटलं कळण्याच्या पिठाने, आणि ते तर घरात डब्यात होतंच. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेलं हे पीठ खानदेशात भाकरीसाठी घरोघरी असतं. उडदाला जो बुळबुळीत चिकटपणा असतो, तो इथे अंड्याचं काम करतो. भिजवून वीसेक मिनिटं झाकून ठेवलं की पीठ असं धरून येतं की भाजी कितीही घाला, सुटत नाही. दादर ज्वारीचं असेल तर चव आणखी चांगली, पण तो आमचा जिव्हाळा झाला. कोणत्याही ज्वारीचं चालतं. खानदेशाबाहेर कळण्याचं पीठ मिळत नसेल तर चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद घालून गिरणीतून बारीक दळून आणा. भाकरीसाठी दळतात त्या पिठात कुणीकुणी मीठही घालतं, ते लहान मुलाच्या पिठात घालू नका.

माझं प्रमाण: एक वाटी कळण्याचं पीठ, अर्धी वाटी ताजं दही, किसून घट्ट पिळलेली भाजी पाऊण ते एक वाटी, मोठा चमचाभर शेंगदाणा तेल, हळद, जिरेपूड, चुरडलेला ओवा आणि लागेल तसं पाणी. मीठ चिमटीभर, वर्षाच्या आतल्या बाळाला वरून मीठ-साखर नको म्हणतात, तेव्हा तेही घालत नव्हते. पीठ चमच्यातून धारेने पडायला नको, गोळ्याने पडायला हवं. तेल पिठातच घातलेलं बरं, नुसतं प्लेटला लावलेलं पुरत नाही.

या सगळ्यात अडतं ते भाजीतल्या पाण्यापाशी. दुधी म्हणजे जवळजवळ पाणीच. किसून चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटांनी पिळला तर वाटीभर किसाचा मूठभर चोथा उरतो, आणि तेवढाच घालायचा. पिळलेलं पाणी टाकू नका, पीठ त्यातच भिजवा. मग वेगळं मीठ लागत नाही. न पिळता घातला तर मशीनमधून नुसती वाफ येत राहते, रंग येत नाही आणि वॉफल ओल्या फडक्यासारखा लोंबतो. गाजर बारीक किसणीवर किसलं तर तसंच चालतं, जाड किसलं तर कचकच राहतं. पालक, मेथी अगदी बारीक चिरून. मेथीची जुडी हिवाळ्यात स्वस्त असते तेव्हा तीच जास्त व्हायची, कडवटपणा दह्याने झाकला जातो. लाल भोपळा, आमच्याकडे ज्याला गंगाफळ म्हणतात, तो किसून नाही, वाफवून घोटून. त्याने वॉफलला गोडसर चव येते आणि पोरगं दुसरी पट्टी मागतं. मटार आणि मक्याचे दाणे अख्खे टाकू नका, ठेचून टाका. शेंगदाण्याचा कूटच, तोही बारीक.

पण आमच्या घरात सगळ्यात जास्त चाललेलं वॉफल भरताच्या वांग्याचं, हे सांगितलं की लोक हसतात. माझं माहेर यावल तालुक्यातलं, बामणोदच्या बाजूचं. तिथली हिरवी-पांढरी, मोठाली, कमी बियांची वांगी हिवाळ्यात घरी पोत्याने येतात. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हाला ते वांगं त्याच्या आधीपासून कोणी सांगायला लागत नव्हतं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं सोलायचं, आणि हिरवी मिरची-लसूण घालून ठेचायच्या आधीच पोराच्या वाट्याचं बाजूला काढायचं. गाळणीत अर्धा तास निथळत ठेवायचं. मग तो गर सुरीने बारीक करून कळण्याच्या पिठात, सोबत कांद्याची पात. काड्यांच्या धुराचा जो वास त्या गरात मुरलेला असतो, तो वॉफल भाजताना पुन्हा सुटतो आणि मोठी माणसं स्वयंपाकघरात डोकावून जातात. सासूबाई त्यावर लोणी घालून खातात. धिरड्याचा विषय त्यानंतर निघाला नाही, पण मशीन चांगलं आहे असंही त्या म्हणाल्या नाहीत.

केळ्याचंही सांगते, कारण जळगाव जिल्ह्यात राहून केळ्याचं वॉफल केलं का, हे कोणी ना कोणी विचारतंच. केलं. चव छान. पण पिकलेल्या केळ्यातली साखर गरम प्लेटवर करपते आणि खळग्यांच्या कोपऱ्यात काळी होऊन बसते. पुढच्या पाच वॉफलांना ती चिकटते. प्लेटा निघत असत्या तर गोष्ट वेगळी. या मशीनमध्ये केळं आता बंद. केळं पोरगं सोलून नुसतं खातंच की.

वापरताना लक्षात आलेल्या दोन-चार गोष्टी. हिरवा दिवा लागला म्हणजे प्लेट तापली एवढाच अर्थ, वॉफल झालं असा नाही. पुस्तिकेत तीन-चार मिनिटं लिहिली आहेत, ती मैद्यासाठी. ज्वारी-उडदाला सात-आठ मिनिटं लागतात. खरा इशारा वाफेचा: कडेने येणारी वाफ जवळपास थांबली की उघडायचं, त्याआधी नाही. उघडताना झाकण ओढायला लागत असेल तर सोडा, अजून मिनिटभर द्या. काढलं की ताटात ठेवू नका, खालून वाफ धरून मऊ पडतं. पापड भाजायच्या जाळीवर ठेवा. तेल ब्रशनेच लावा. फवाऱ्याच्या तेलाने नॉनस्टिकवर चिकट थर बसतो आणि तो निघता निघत नाही.

वीज फार खात नाही. 750 वॉट म्हणजे वीस मिनिटांना पाव युनिट, तेही मधे मधे आपोआप बंद होतं म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. घरातल्या माणसांना हा आकडा दोनदा सांगावा लागला.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी, साफसफाई. प्लेटा निघत नाहीत आणि मशीन पाण्याखाली धरता येत नाही. मी बटण बंद करून प्लगच काढते, प्लेट कोमट असतानाच घट्ट पिळलेलं ओलं फडकं आत ठेवून झाकण लावते, आणि दहा मिनिटांनी मऊ टूथब्रशने खळगे काढते. तरीही तेल बिजागरीकडे ओघळतं आणि तिथे हात पोचत नाही. एप्रिलमध्ये त्या फटीत मुंग्यांची रांग लागली. आता मशीन पुसून झालं की जाड पिशवीत तोंड बांधून ठेवते. दुसरी तक्रार वायरची. इतकी आखूड की ओट्यावरच्या सॉकेटजवळच मशीन ठेवावं लागतं. रांगत्या-चालत्या पोराच्या घरात लोंबती लांब वायर नको हे मान्य, पण हातभर तरी जास्त द्यायला हवी होती. बाहेरचं झाकणही चांगलंच तापतं, तेव्हा ते भिंतीकडे सरकवून ठेवा आणि मूल ओट्याजवळ असताना लावूच नका.

तिसरी, नॉनस्टिक. कडेच्या दोन खळग्यांतला काळा रंग फिका पडलाय. मी लाकडी काडीशिवाय काही लावलेलं नाही. सेवा केंद्रात फोन केला तर प्लेटा बदलून मिळत नाहीत म्हणाले, आणि वॉरंटीत लेप येत नाही म्हणे. खरवडून निघायला लागला तर मी मशीन बाजूला ठेवणार, पोराचं खाणं आहे शेवटी.

उन्हाळ्याचं वेगळं लिहायला हवं. पारा 44 वर असताना सकाळी नऊनंतर ओट्याजवळ उभं राहवत नाही. म्हणून मी पहाटेच जास्तीचे करून ठेवते. पूर्ण गार झाल्यावर मधे कागद घालून डब्यात, डबा फ्रीझरमध्ये. खाताना थेट मशीनमध्ये किंवा तव्यावर दोन मिनिटं. तव्यावर झाकण ठेवू नका. दुपारी तास-दोन तास वीज गेली तरी भरलेला डबा न उघडता ठेवला तर टिकतो, पण दिवसभर गेली असेल तर त्यातलं पोराला देत नाही. एकदा विरघळलेलं परत गोठवतही नाही. दुधी आणि पालकाचे फ्रीझरमधून चांगले निघतात, वांग्याचे नाही. वांग्याचे त्याच दिवशी संपवावे.

पुण्यातल्या जावेने हे ऐकून तसंच मशीन मागवायचं ठरवलं, तिला सांगितलं की चारशे-पाचशे रुपये जास्त गेले तरी प्लेटा निघणारं घे. पीठ मी इथून पाठवतेय.