उंदरानं माऊस खाल्ला त्याला आठ महिने झाले: कीबोर्ड शॉर्टकटचा अनुभव

मार्चमध्ये, ऐन हळदीच्या हंगामात, गोदामातल्या उंदरानं माझ्या माऊसची वायर कुरतडली. विनोद नाही. सांगली मार्केट यार्डातल्या आमच्या अडत दुकानाचं ऑफिस गोदामाला लागूनच आहे, आणि उंदरांना हळदीपेक्षा प्लास्टिक आवडतं. सौदे झालेले, शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, बाकावर बसलेले, आणि पडद्यावरचा बाण जागचा हलेना. अण्णा म्हणाले, "दुपारी पोराला पाठवतो, तोवर घ्या भागवून ताई." मी भागवून घेतलं. ते अजून चालूच आहे.

टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, काही अडलं नाही. तिथं बारा वर्षं मी एफ५ नं पेमेंट, एफ७ नं जर्नल, ऑल्ट-सी नं नवं लेजर असंच करते. माऊसला हात लागत नाही आणि त्याला शॉर्टकट म्हणतात हेही कधी डोक्यात आलं नव्हतं. पण एक्सेल उघडलं की तीच बाई एकेका चौकोनावर टिचक्या मारत बसायची. आमच्या पट्ट्यांचा कच्चा हिशेब एक्सेलमध्ये असतो: पोती, वजन, दर, हमाली, तोलाई. खरी परीक्षा तिथं होती.

हमालीचंच सांगते. पोत्यामागचा दर एच१ मध्ये लिहिलेला, पोत्यांची संख्या बी रकान्यात. सूत्र साधं आहे, बी२ गुणिले एच१. पण ते खाली ओढलं की पुढच्या ओळीत एच२, मग एच३ होतं, आणि तिथं काहीच नसल्यामुळे हमाली शून्य. एच१ जागचा हलू नये म्हणून डॉलरची चिन्हं टाकायची असतात हे माहीत होतं, ती मी शोधून शोधून टाकायची. सूत्र लिहिताना कर्सर एच१ वर असतानाच एफ४ दाबलं की दोन्ही चिन्हं आपोआप येतात, हे मला त्या दिवशी शेजारच्या दुकानातल्या पोरानं सांगितलं.

मग ते सूत्र खालपर्यंत न्यायचं. पहिल्या दिवशी मी थेट कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण दाबून रकाना निवडला आणि कंट्रोल-डी नं वरचं सूत्र खाली भरलं. खाली रकाना रिकामा होता, त्यामुळे एक्सेल गेलं ते शेवटच्या ओळीपर्यंत, म्हणजे १०,४८,५७६ पर्यंत, आणि सगळीकडे सूत्र भरून आलं. फाईल इतकी जड झाली की बाकावरचे एक काका म्हणाले, "लाईट गेली का काय?" आता बोटं असं करतात: डावा बाण, कंट्रोल-खालचा बाण, उजवा बाण, कंट्रोल-शिफ्ट-वरचा बाण, कंट्रोल-डी. म्हणजे शेजारच्या भरलेल्या रकान्याचा आधार घेऊन तळ गाठायचा आणि तिथून वर निवडत यायचं. लिहायला लांबलचक वाटतं, हाताला दोन सेकंदही लागत नाहीत.

वेळ किती वाचतो, असं सगळे विचारतात. खरं सांगू का, पहिले दोन आठवडे वेळ वाया गेला. आणि आताही मला फरक वाटतो तो घड्याळाचा नाही, नजरेचा आहे. तोलाची चिठ्ठी डाव्या हाताशी, उजवा हात नंबरच्या बटणांवर. माऊस धरायचा म्हणजे नजर चिठ्ठीवरून उठणार, पडद्यावर बाण शोधणार, परत चिठ्ठीवर येऊन कुठली ओळ होती ते शोधणार. चुका व्हायच्या त्या या शोधाशोधीत. ४८ च्या जागी ८४ लिहिणं हे माझं जुनं दुखणं. ते बरंच कमी झालंय.

नव्या चुका मात्र आल्या. सगळ्यात महागात पडली असती ती ऑल्ट आणि '=' या चिन्हाची. रकान्याच्या तळाशी ते दाबलं की बेरीज तयार. मी दाबलं, एंटर मारलं, पुढं गेले. मध्ये कुणीतरी एक ओळ कोरी सोडली होती. एक्सेल वर चढत चढत कोऱ्या चौकोनाशी थांबतं आणि तेवढ्याचीच बेरीज धरतं. वरची १७ पोती हिशेबातून गायब! वहीतला आकडा जुळेना म्हणून कळलं. आता एंटरच्या आधी ती हलणारी तुटक चौकट कुठवर गेलीय ते बघतेच.

दुसरा घोळ टॅली आणि एक्सेलच्या भांडणाचा. टॅलीत कंट्रोल-ए म्हणजे नोंद मान्य, एक्सेलमध्ये तेच म्हणजे सगळं निवडलं, आणि चुकून डिलीटला बोट लागलं तर सगळं साफ. टॅलीतलं एफ८ म्हणजे विक्री. एक्सेलमध्ये दाबलं की बाण हलवाल तितकं निवडत सुटतं, ते एस्केप दाबेपर्यंत. दिवसभर दोन्हीत ये-जा करणाऱ्यानं कंट्रोल-झेड, म्हणजे केलेलं मागे घेणं, आधी पाठ करावं. तरी नुसता मजकूर नाही, तर एक्सेलची अख्खी शीटच खालच्या टॅबसकट उडवली तर कंट्रोल-झेडनं ती परत येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि कंट्रोल-डब्ल्यू. सेव्ह करायच्या एस च्या वरच बसलेलं. ब्राउझरमध्ये बोट घसरलं आणि अर्धा भरलेला फॉर्म टॅबसकट बंद. कंट्रोल-शिफ्ट-टी नं टॅब परत आला, भरलेलं आलं नाही. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी मशीन रीस्टार्ट करणारी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मुद्दाम दोन हातांची ठेवली होती, चुकून दाबली जाऊ नये म्हणून. तेवढी काळजी या डब्ल्यूच्या बाबतीतही कुणीतरी घ्यायला हवी होती.

शिकायचं कसं, तर यादी घेऊन नाही. त्याच पोरानं शंभर शॉर्टकटांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, त्यातला एकही राहिला नाही. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी, त्यावर तीनच, आणि हात वळले की नवी चिठ्ठी, एवढं पुरलं. बाकी ऑल्ट दाबून सोडलं की वरच्या पट्टीवर अक्षरं उगवतात, ती वाचत जायचं. रकान्यांची रुंदी मजकुराएवढी करायला ऑल्ट, मग एच, ओ, आय. मी 'होई' म्हणून लक्षात ठेवलंय.

विंडोजचं बटण आणि व्ही हे उशिरा सापडलं. मागच्या २५ कॉपी केलेल्या गोष्टी समोर येतात. पहिल्यांदा ते चालू करावं लागतं, आणि पिन न केलेलं मशीन रीस्टार्ट केलं की जातं. एरवी फार छान, पण शेतकऱ्यांचे खातेनंबरही त्यात पडून राहतात, म्हणून जेवायला उठताना विंडोज-एल नं कुलूप लावते.

तक्रारी म्हणाल तर मनगट सुटलं आणि करंगळी अडकली. कंट्रोल दाबून दाबून ती संध्याकाळी ठणकते. घरच्या लॅपटॉपवर एफ४ दाबलं तर आवाजच कमी-जास्त होतो, तिथं एफएन धरावं लागतं. आणि आलेखात हात घालायचा तर अजूनही माऊसच बरा.

म्हणून अण्णांनी वायरलेस आणून दिलाय, उंदराला कुरतडायला काही नको म्हणून. ऑगस्टमध्ये भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा माऊसमधला सेल मी काढून घड्याळाला लावला. माऊस चालत नाही हे अण्णांना दिवाळीत कळलं.