जुनी अर्धस्वयंचलित रायफल घ्यावी की नवी?

अर्धस्वयंचलित म्हणजे ट्रिगर दाबला की एकच गोळी सोडून पुढचे काडतूस आपोआप भरणारी रायफल. एम-१ गॅरंड अमेरिकी सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारली, सोव्हिएत रचनाकार सिमोनोव्ह यांची एसकेएस १९४५ ची, आणि आज ‘नवी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एआर-१५ची मूळ रचना यूजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात केली. म्हणजे नव्या रायफलीचा सांगाडाही साठी ओलांडून गेला आहे. म्हणूनच निवड करताना रचना कोणत्या काळातली आहे यापेक्षा हाती येणारा नग कधी घडवला गेला, त्याच्या स्प्रिंगा किती थकल्या आहेत आणि त्यात कोणती काडतुसे वापरली जाणार आहेत, हे प्रश्न मला अधिक मोलाचे वाटतात. अशा रायफलींवर अनेक देशांत बंदी किंवा कडक निर्बंध आहेत. परवान्याचा प्रश्न सुटला आहे असे धरूनच पुढचा विचार केला आहे.

रचनेपुरते पाहिले तर जुन्या रायफली भरवशाच्या आहेत यात शंका नाही. गॅरंडमध्ये नळीच्या तोंडाजवळच्या छिद्रातून निघालेला गॅस एका लांब दांड्याला मागे ढकलतो आणि तो दांडा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, उघडतो. एसकेएसमध्ये पिस्टन थोडेसेच अंतर सरकून आपला धक्का मागच्या भागाकडे सोपवतो. दोन्हींत जळलेल्या दारूची काजळी बहुतांशी बोल्टपासून दूर राहते, त्यामुळे सफाईला थोडा उशीर झाला तरी यंत्रणा लगेच कुरकुरत नाही. एआर-१५मध्ये मात्र गॅस बारीक नळीतून थेट बोल्टच्या वाहकात शिरतो, काजळी तिथेच साठते आणि तेल कमी पडले की बोल्ट जड चालू लागतो. या रचनेची बदनामी झाली ती तिची सैनिकी बहीण एम-१६ व्हिएतनाममध्ये अडकू लागल्यामुळे. परंतु काडतुसांतली दारू बदलली जाणे, चेंबरला (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या पोकळीला) क्रोमचा मुलामा नसणे आणि सैनिकांकडे सफाईची साधने पुरेशी नसणे ही त्यामागची कारणे होती, आणि ती दूर होताच तक्रारी पुष्कळच कमी झाल्या.

जुन्या रायफलीची खरी अडचण काडतुसांपाशी सुरू होते. गॅरंड तिच्या काळातल्या सैनिकी .३०-०६ काडतुसांसाठी जुळवलेली आहे. त्याच मापाच्या आजच्या काही शिकारी काडतुसांत जड गोळी आणि सावकाश जळणारी दारू असते. चेंबरमधला दाब मर्यादेत असला तरी गोळी गॅसच्या छिद्रापाशी पोहोचते तेव्हा दाब अजून चढाच असतो, आणि तो फटका लांब दांड्याला वाकवू शकतो. म्हणून तिच्यासाठी खास बनवलेली काडतुसेच वापरावीत किंवा गॅसचा दाब कमी-जास्त करता येणारे बूच बसवावे. जुन्या सैनिकी साठ्यातल्या अनेक काडतुसांचे प्रायमर (दारू पेटवणारा बुडाचा भाग) नळीत क्षार सोडतात, आणि हा क्षार तेलाने निघत नाही. त्याच दिवशी पाण्याने नळी आणि गॅसचे भाग धुऊन, कोरडे करून मग तेल लावावे लागते. हा नेम पाळण्याची तयारी नसेल तर जुन्या रायफलीच्या वाटेला जाऊ नये.

एसकेएस घेणाऱ्याने एक गोष्ट स्वतः करून पाहावी. चेंबर आणि मॅगझिन (काडतुसे साठवणारी पेटी) रिकामे असल्याची खात्री करून बोल्ट बाहेर काढावा आणि कानाशी धरून हलवावा. आतली फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आदळणारी सुई) मोकळी असेल तर स्पष्ट खुळखुळ ऐकू येते. आवाज आला नाही, तर साठवणुकीच्या वेळी भरलेले जाड ग्रीस आत थिजलेले असण्याची शक्यता मोठी. पिन पुढे अडकून राहिली तर बोल्ट बंद होतानाच, ट्रिगरला बोट न लावता, बार उडू शकतो. त्यामुळे बोल्ट पूर्ण खोलून साफ केल्याशिवाय पहिले काडतूस भरूच नये.

उपयोगाच्या बाबतीत नवी रायफल निःसंशय पुढे आहे. गॅरंडमध्ये आठ काडतुसांची क्लिप वरून आत जाते, त्यामुळे दुर्बीण एका बाजूला सरकवून बसवावी लागते. एसकेएसच्या वरच्या झाकणावर बसवलेली दुर्बीण सफाईसाठी झाकण काढले की जागची हलते. एआर-१५वर दुर्बिणीसाठी सपाट पट्टी तयारच असते, बऱ्याच नगांवर दस्त्याची लांबी खांद्याप्रमाणे बदलता येते आणि झिजलेला बोल्ट घरच्या घरी बदलता येतो. वजनातही ती सुमारे एक किलोने हलकी पडते. तिचे दुखणे बहुधा मॅगझिनमध्ये असते: काडतूस धरून ठेवणारे त्याच्या तोंडाचे ओठ वाकले की काडतूस तिरके चढते, पण मॅगझिन बदलले की काम भागते. मोठ्या जनावराच्या शिकारीला मात्र तिचे ५.५६ मिमीचे काडतूस अपुरे पडते, आणि तिथे गॅरंडचे काडतूस आजही सरस आहे.

एकच रायफल घेऊन ती नियमित वापरायची असेल, तर मी नवीच घ्यायला सांगेन. जिला इतिहासासाठी जवळ ठेवायचे आहे आणि जिच्यासाठी नेमबाजीनंतरची संध्याकाळ सफाईला द्यायची तयारी आहे, ती जुनी. मात्र तिचे पैसे मोजण्यापूर्वी जाणत्या कारागिराकडून चेंबर आणि बोल्ट यांच्यातले अंतर गेजने मोजून घ्यावे, आणि विक्रेता त्याला तयार नसेल तर तो नग तिथेच ठेवावा.