सत्काराच्या पत्रिकेत ऑनर, रिस्पेक्ट की फेलिसिटेट?

निवृत्त होणाऱ्या बाईंच्या सत्काराची पत्रिका मराठी-कन्नडसोबत इंग्रजीतही काढायची झाली, की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गाडी एकाच शब्दापाशी अडते. ऑनर लिहायचं, रिस्पेक्ट की फेलिसिटेट?

आधी मराठी वाक्य म्हणून बघा. 'आदर' बसला तर रिस्पेक्ट, 'सन्मान' बसला तर ऑनर. आदर मनात असतो, सन्मान चारचौघांत होतो. म्हणून 'आय रिस्पेक्ट माय टीचर' हे रोजच्या बोलण्यातलं वाक्य. तिथे 'ऑनर' घातलं तर व्याकरण मोडत नाही, पण प्रवचनाचा सूर लागतो. उलट शाल पांघरली तिथे 'रिस्पेक्टेड' साफ चूक, 'ऑनर्ड'च हवं. फेलिसिटेटचा मूळ अर्थ अभिनंदन करणे. आपल्याकडे तो सत्कारासाठी रुळला आहे, गावातल्या पत्रिकेत खुशाल ठेवा. पण पत्रिका परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनाही जाणार असेल, तर आमचं मत ऑनरला.

ऑनर निवडला की पुढची अडचण जोडशब्दांची. 'शाल-श्रीफळ देऊन' मनात घोळत असतं, म्हणून 'ऑनर्ड बाय गिव्हिंग शॉल' असं उतरतं. वस्तूसाठी 'विथ', कारणासाठी 'फॉर', सत्कार करणाऱ्यासाठी 'बाय': 'शी वॉज ऑनर्ड बाय द व्हिलेज विथ अ शॉल फॉर थर्टी इयर्स ऑफ टीचिंग.' 'सन्मानार्थ' म्हणजे 'इन ऑनर ऑफ', मध्ये 'द' नाही. सूत्रसंचालन करणाऱ्यांनी 'अ ऑनर' म्हणू नये. एच उच्चारात नाही, म्हणून 'ॲन ऑनर'.

स्पेलिंगमध्ये आपल्याकडे ब्रिटिश पद्धत, म्हणजे शेवटच्या आरआधी यू. संगणकाची भाषा अमेरिकन इंग्रजीवर असेल तर त्याखाली लाल रेघ येते. यू काढू नका, भाषा बदला. मात्र ऑनररी (मानद) आणि ऑनरेरियम (मानधन) यांत ब्रिटिश इंग्रजीतही हा यू नसतो, ऑनरेबलमध्ये असतो.

सर्वांत फसवं आहे ते नावामागचं 'ऑन.' हे संक्षिप्त रूप. 'मा. सचिव' म्हणजे माननीय सचिव, पण त्याचं 'ऑन. सेक्रेटरी' केलं की इंग्रजी वाचणारा त्याचा अर्थ मानद, म्हणजे बिनपगारी, सचिव असा घेतो. कन्नडमध्ये 'गौरव कार्यदर्शी' म्हणजे मानद सचिवच, त्यामुळे कन्नड मजकुरावरून इंग्रजी करताना 'ऑन.' बरोबर आणि मराठीवरून करताना चूक, असंही होतं. मराठीतला 'मा.' इंग्रजीत आणूच नका, नुसतं पद आणि नाव पुरे. मंत्री किंवा न्यायाधीश असतील तर 'ऑनरेबल' पूर्ण लिहा.

बँकेत मात्र निवडीचा प्रश्नच नाही. चेक 'ऑनर' झाला म्हणजे वटला, 'डिसऑनर' झाला म्हणजे परत आला. तिथे रिस्पेक्ट लिहून अर्थच लागत नाही. चेक न वटल्याबद्दल निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 खालची नोटीस बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला 15 दिवस असतात. त्या नोटिशीत 'डिसऑनर्ड' हाच शब्द घाला.

कोर्टात 'युअर ऑनर' कुठे म्हणायचं, तेही ठरलेलं आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2006 च्या नियमाप्रमाणे ते सर्वोच्च आणि उच्च न्यायालयासाठी, म्हणजे आपल्याला धारवाड खंडपीठासमोर. बेळगावच्या जिल्हा न्यायालयात 'सर' किंवा स्थानिक भाषेतला तसा शब्द चालतो.